आधी दाराखालचा पत्रा बघा, मग बॉनेट उघडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षण-नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आलेली बरीच मराठी मंडळी आपला पेपर रोज ऑनलाइन वाचतात. त्यांच्यासाठी हे पत्र आहे. इथे स्थिरस्थावर झाल्यावर अनेकांना एखादी जुनी, दोन आसनी, उघड्या टपाची गाडी घ्यायची हौस येते आणि ती बहुतेक वेळा माझदा एमएक्स-५ वर येऊन थांबते. हौस उत्तम आहे. पण गाडी बघायला गेल्यावर लोक बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, किती मैल पळाली ते विचारतात आणि पैसे मोजून मोकळे होतात. या गाडीच्या बाबतीत हा क्रम चुकीचा आहे. तिचं इंजिन सहसा दगा देत नाही, पत्रा देतो.

माझदा म्हटलं की महाराष्ट्रात स्वराज माझदाच्या मिनीबस आणि ट्रक आठवतात. त्याच जपानी कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली. एमजी, ट्रायम्फ, लोटस या ब्रिटिश कंपन्यांच्या छोट्या उघड्या गाड्या तोवर जवळपास संपल्या होत्या. त्यांचा हलकेपणा घ्यायचा, पण त्यांचं ठिबकणारं तेल आणि रुसणारी वायरिंग घ्यायची नाही, असा हा घाट होता. पहिल्या पिढीच्या गाडीचं वजन साधारण साडेनऊशे किलो, सुरुवातीचं इंजिन १५९७ सीसीचं, ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असं माझदाचे अभियंते तिच्याबद्दल म्हणत. मांड पक्की बसली की लगामाला नुसता स्पर्श पुरतो, तसं तिचं स्टिअरिंग आहे.

आता पत्रा. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पोकळ पेटी जाते, तिला इथे सिल म्हणतात. गाडीचा उंबरठाच म्हणा. पत्र्याचं टप नसलेल्या गाडीत वाकण्या-पिळण्याचा मोठा भार हीच पेटी पेलते. कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या कडेच्या पन्हाळीतून वाहत सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांत उतरतं आणि नळीवाटे मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीखाली पडतं. भोकांत पानं, माती, शेवाळ साचलं की ते तुंबतं आणि पाणी सिलच्या मागच्या टोकात शिरतं. त्यात ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. मालवण-रत्नागिरीकडे खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. फरक एवढाच की इथे पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आत जाळी झालेली असते.

म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली सोबत घ्या. मागच्या चाकाच्या पुढे, कमानीच्या खालच्या कोपऱ्यात हात घालून पत्रा चाचपा. तो खरखरीत, पापुद्रे सुटलेला लागतो का? अंगठ्याने दाबल्यावर दबतो का? बाहेरून चुंबक लावा. ते चिकटत नसेल तर खाली पुटी भरलेली आहे. सीटच्या मागचा गालिचा उचलून ओल बघा. मग टप अर्धा उघडून त्या भोकात थोडं थोडं पाणी ओता. काही सेकंदांत ते गाडीखाली पडायला हवं. पडलं नाही, तर ते कुठे गेलं हे तुम्हाला कळलंच. तुंबलेलं भोक साफ करताना कडक तार किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. आतली नळी निसटली की सगळं पाणी कायमचं आतच पडत राहतं. जाड, मऊ प्लास्टिकची केबल हळूहळू फिरवत घालावी.

सिलवर प्लास्टिकची शोभेची पट्टी असेल किंवा खाली नुकताच काळा डांबरी थर मारलेला असेल, तर अधिक सावध व्हा. इथल्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, तपासनीस अशा पट्ट्या काढून बघत नाही, थरही खरवडून काढत नाही. त्यामुळे ताजं एमओटी म्हणजे पत्रा चांगला असल्याचा दाखला नव्हे. मात्र त्याच एमओटीचा जुना इतिहास फार उपयोगी पडतो. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. त्यात चार-पाच वर्षं मागे जाऊन ‘करोजन’ हा शब्द शोधा. एका वर्षी सिल गंजल्याची सूचना आहे, पुढच्या वर्षी ती गायब आहे आणि मधल्या काळातलं वेल्डिंगचं बिल विक्रेत्याकडे नाही, तर तिथे पुटी किंवा डांबर असण्याचीच शक्यता जास्त. सीटबेल्ट, सस्पेन्शन यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, तर गाडी नापास होते. सिलचं मागचं टोक नेमकं याच टापूत येतं.

दुरुस्ती करायची तर गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायला हवा, आतला थर आधी नीट करून मग बाहेरचा नवा तुकडा सलग वेल्ड करायला हवा. नवा तुकडा स्वस्त असतो, मजुरी महाग. म्हणून जुन्या गंजावरच पॅच मारून देणारे भेटतात. तो पॅच पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत सुटतो आणि दुसऱ्या खेपेला अधिक पत्रा कापावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं गंजरोधक मेण जळून जातं, त्यामुळे काम झाल्यावर पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारणं हा त्या कामाचाच भाग आहे. एका बाजूला अर्धा लिटर तरी लागतं. फवारल्यावर खालची पाणी निघायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, ते बघा.

१९९८ नंतरच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे बॉनेटमधून वर उघडणारे हेडलाइट जाऊन स्थिर दिवे आले त्या गाडीत, आणखी एक जागा आहे. पुढच्या चाकांमधल्या चॅसिसच्या दोन लांब पट्ट्या पत्र्याचे थर जोडून केलेल्या आहेत आणि त्या थरांत पाणी अडकतं. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय ते दिसत नाही. पुढचं सस्पेन्शन तिथेच असल्याने हे काम सिलपेक्षा किचकट आणि महाग आहे. ही पिढी नवी म्हणून कमी गंजलेली असेल, असं समजू नका.

जपानहून आयात झालेल्या, युनोस नावाच्या एमएक्स-५ गाड्याही इथे पुष्कळ आहेत. त्यांचा पत्रा बऱ्याचदा चांगला निघतो. पण त्यांना खालून संरक्षक थर क्वचितच दिलेला असतो, त्यामुळे इथे आल्यावर लगेच मेण मारून घ्यावं. त्यांच्या मीटरवरचे आकडे किलोमीटरचे की मैलांचे, हेही कागदांवरून पडताळून पाहा.

पत्रा पास झाला की मग यंत्र. १९८९ ते १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही की तिथली बेल्टची पुली सैल होऊन, तिला शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीची खाच खाते आणि शाफ्ट निकामी होतो. पुढच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर नंतरचं सुधारित. आखूड टोकाची गाडी टाळायलाच हवी असं नाही. पण चालू इंजिनात ती पुली डगमगत असेल, तर सौदा सोडून द्या.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळती ठेवणारा पट्टा, ६०,००० मैलांनी बदलायचा असतो. पहिल्या पिढीच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिन वाचतं. बेल्टसोबत वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील्सही बदलून घ्या, कारण मजुरी एकच. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी काळ्याची तपकिरी-हिरवट झाली असेल, तर ती तडकायला आली आहे असं समजा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेल दिसलं की अनेक गॅरेजवाले क्रँकचं मागचं सील गेल्याचं सांगतात आणि गिअरबॉक्स उतरवायचं काम काढतात. आधी इंजिनाच्या मागच्या टोकाला, वर असलेला कॅम अँगल सेन्सर (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा) बघा. त्याची रबरी ओ-रिंग कडक झाली की तेल तिथून ओघळून थेट त्या सांध्यावर येतं. रिंगची किंमत किरकोळ असते. सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागी खूण करून घ्या, नाहीतर इग्निशन टायमिंग हलतं.

क्लच अचानक तळाला गेला, गिअर पडेनासा झाला, तर बहुधा क्लचप्लेट नव्हे, क्लच ढकलणाऱ्या छोट्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलेलं असतं. तो स्वस्त आहे आणि बाहेरून बदलता येतो. गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ तेल दोन लिटर लागतं. गिअर लिव्हरच्या बुडाशी वेगळी छोटी वाटी असते आणि तिच्यातलं तेल बहुतेक जण विसरतात. लिव्हरभोवतालून गरम हवा आणि आवाज येत असेल, तर तिथले रबरी बूट फाटलेले असतात. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) स्लाइडिंग पिन अडकणं हाही या गाडीचा जुना आजार आहे. हँडब्रेक लागत नाही म्हणून केबल आवळत बसू नये. कॅलिपरच्या मागचा प्लग बोल्ट काढून आतला स्क्रू ॲलन कीने फिरवून जुळवायचा असतो.

बॅटरी डिकीत आहे. म्हणून तिथे बंदिस्त एजीएम प्रकारची बॅटरीच हवी आणि तिच्या वायूच्या नळ्या बाहेर निघणाऱ्या भोकांत बसवलेल्या हव्यात. साधी बॅटरी ठेवली की आम्लाच्या वाफेने डिकीचा तळ सडतो.

हलक्या गाडीची खरी नासाडी मालकच करतात. सतरा इंची रुंद चाकं, जाड स्पीकर, सबवूफर, कापलेल्या स्प्रिंगा. मूळचं सात काड्यांचं चौदा इंची अलॉय चाक साडेपाच किलोच्या आसपास भरतं. त्याच्या दुप्पट वजनाचं चाक लावलं की स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरला ते खड्ड्यागणिक सांभाळावं लागतं, स्टिअरिंगची जाण मरते आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे गाडी खेचली जाते. साडेनऊशे किलोच्या गाडीत शेजारी बसणाऱ्या माणसाचं वजनसुद्धा हाताला कळतं. पैसे घालायचेच असतील तर चांगले १८५/६० आर १४ टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांतले नवे रबरी बुश, नवे शॉकॲब्सॉर्बर आणि चारही चाकांचं अलाइनमेंट यांवर घाला. अलाइनमेंटचे बोल्ट बुशच्या नळीत गंजून घट्ट बसतात. त्यांना आदल्या दिवसापासून भेदक तेल लावून ठेवावं. हवा २६ पीएसआय पुरते. मोठ्या गाड्यांच्या सवयीने ३२-३५ भरली की टायर मधल्या पट्ट्यावर चालतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

टायरची जाडी बघून समाधान मानू नका. या गाड्या वर्षाला हजार-दोन हजार मैलच फिरतात, म्हणून खाच शाबूत राहते आणि रबर दगड होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. दहा वर्षं झाली असतील तर टायर बदलाच. जुन्या गाड्यांना ट्रॅक्शन कंट्रोल नाही, अनेकांना एबीएसही नाही. पावसात राउंडअबाउटवर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबला, किंवा वळणाच्या मध्येच पाय झटकन उचलला, की मागचा भाग बाहेर निघतो. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत, आणि पाय हळूहळू द्यायचा-घ्यायचा. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्या चालवून आलेल्यांना हे पहिले काही आठवडे जाणीवपूर्वक करावं लागतं.

लोटस एलिसबद्दलही विचारणा होते. १९९६ ची पहिली एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या चॅसिसची, अद्भुत गाडी आहे. पण तिच्या रोव्हर के-सीरिज इंजिनाचं हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधली सीलबंद पट्टी) हा वेगळा अभ्यास आहे. कूलंट थोडंसं कमी होत राहणं, हीटर मध्येच थंड पडणं, तेलाच्या झाकणाखाली मलईसारखा थर, यातलं काहीही दिसलं तर थांबा. गॅसकेट बदललं असल्यास स्टीलचे डॉवेल (दोन्ही भाग जागेवर धरणाऱ्या खुंट्या) आणि बहुस्तरीय स्टीलचं गॅसकेट घातलं का, लायनरची (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीची) उंची मोजली का, हे बिलावर बघा. मागच्या चाकांची दिशा धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे टो-लिंकचे, बॉल जॉइंट झिजलेले चालत नाहीत, कारण तो तुटला की मागचं चाक आपल्या मर्जीने वळतं. पहिली हलकी गाडी म्हणून एमएक्स-५ च घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भारतीय लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. विमा घेताना खाली केलेली स्प्रिंग, बदललेली चाकं, सायलेन्सर असे बदल सगळे कळवा. न कळवल्यास अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. घरात तान्हं मूल असेल तर पॅसेंजर एअरबॅग चालू असलेल्या सीटवर मागे तोंड असलेली बाळाची खुर्ची कधीही लावू नका. ते बेकायदाही आहे, आणि या गाडीत मागे दुसरी सीट नाही. परत जाताना गाडी पुण्याला नेऊ, या हिशेबानेही घेऊ नका. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

हिवाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल, तर मीठ पडायला लागण्याआधी खालून धुऊन पूर्ण वाळवा, मगच कव्हर घाला. टप बंद ठेवा. जुन्या प्लास्टिकच्या मागच्या काचेला घडी पडली की ती तिथेच तडकते, म्हणून टप पाडायच्या आधी काचेची चेन नेहमी उघडावी. बॅटरीला चार्जर लावा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये ब्रेक पॅड डिस्कला चिकटलेले सापडतील.

आपले,
हलक्या गाड्यांची कामं करणारे काही मराठी वाचक,
मिडलँड्स, इंग्लंड