टाकीची जागा ठरवताना वाडीला विचारा

महोदय,

आमच्या गावात जलजीवन मिशनची टाकी उभी राहून दोन उन्हाळे गेले, परंतु वरच्या वाडीतील नळांना अद्याप पाणी आलेले नाही. टाकी बांधली शाळेमागच्या सपाट जागेवर आणि वाडी आहे तिच्याहून उंच. जन्मभर त्या चढाने हंडे वाहिलेल्या कोणत्याही बाईने ही चूक आखणीच्या वेळीच दाखवून दिली असती. पण तिला कुणी विचारले नाही. आजही या बाया खालच्या नळावर हंडा भरतात, चढ चढतात आणि स्वतःच्या दारातल्या कोरड्या नळाशेजारी तो उतरवतात.

२०१९ साली सुरू झालेल्या या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाण्याबरोबरच गावाने स्वतः केलेला कृती आराखडा, निम्म्या महिला असलेली पाणी समिती आणि गावांतर्गत कामांसाठी लोकवर्गणी यांचीही तरतूद आहे. सहभाग नियमात नाही, असे म्हणता येणार नाही. तो हातून निसटतो कसा, हे मात्र मी पाहिले आहे. आराखड्याची ग्रामसभा ऐन भातलावणीत, सकाळी अकराला बोलावली गेली. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसे आली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या वेळी वीस-पंचवीस जणांसमोर आराखडा मंजूर झाला. नकाशा कुणी पाहिला नाही. समितीतील महिलांच्या सह्या रजिस्टर घरोघरी फिरवून घेतल्या गेल्या.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात बसून समजून घेतले जातात. त्याला वेळ लागतो, हे खरे. पण चुकीच्या जागी बांधलेली टाकी हलवता येत नाही.

म्हणून शासनाला विनंती आहे की पाणी योजनेच्या आराखड्यापुरती तरी तहकूब सभेची सवलत काढून टाकावी, सभा वाडीवस्तीवर संध्याकाळी घ्यावी, आणि अभियंत्याने ग्रामस्थांसोबत, विशेषतः महिलांसोबत, संपूर्ण जलवाहिनीच्या मार्गाने पायी फिरल्याखेरीज अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता देऊ नये. ठेकेदाराचे शेवटचे देयकही सर्वांत उंचावरच्या घरातील नळाला पाणी आल्याचे ग्रामसभेने नोंदवल्यावरच द्यावे.

आपला,
एक ग्रामस्थ, जि. सातारा