ट्रॅक्टरच्या टायरचे वय बिलावर छापा

संपादक महोदय,

मिरगाच्या आधी ट्रॅक्टरची कामे उरकायची, हा आम्हा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या ट्रॅक्टरवाल्यांचा रिवाज. ऑइल, फिल्टर, बॅटरी यांच्या खर्चाला कोणी कुरकुरत नाही. टायरची पाळी आली की मात्र नक्षीवरून हात फिरवायचा आणि ‘काढतील आणखी दोन पावसाळे’ म्हणून सोडून द्यायचे.

आपल्याकडची शेते लहान. ट्रॅक्टर चिखलणीला आणि वायंगणाला (उन्हाळी भातशेतीला) राबतो, एरवी अंगणात उभा. त्यामुळे नक्षी झिजत नाही, रबर मात्र उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने कडक होते. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या अंगावर, केसासारख्या भेगा पडतात, त्या रुंदावतात आणि आतला नायलॉनचा धागा दिसू लागतो. असा टायर चिखलात निभावतो. जांभ्या दगडाचे चिरे भरलेली ट्रॉली घेऊन चढणीला लागलात की तोच फुटतो, आणि पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीत उभ्या राहिलेल्या टिपरांचे आणि लोडरचे तेच झाले. नक्षी नव्यासारखी, रबर कुजलेले.

म्हणून टायरचे वय बघायला हवे. ते त्याच्यावरच कोरलेले असते: चार आकडी खुणेतले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गेल्या हंगामात मी मागच्या चाकांसाठी १३.६-२८ मापाची जोडी घ्यायला एका दुकानात गेलो. एका टायरवर ३४२३, दुसऱ्यावर ०८१९. म्हणजे एक २०२३ चा, दुसरा २०१९ चा, आणि दर दोघांचा एकच! दुकानदार म्हणतो, “वापरलेला नाही ना? मग नवाच.” मी जोडी तिथेच ठेवून आलो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. स्वस्त झाले म्हणून आता गिऱ्हाईक वाढेल आणि गोदामात पडून असलेला मालही त्याच्याच गळ्यात मारला जाईल. औषधाच्या बिलावर मुदतीची तारीख छापतात, तसा टायरच्या बिलावर त्याचा आठवडा आणि वर्ष छापणे नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याने सक्तीचे करावे. जुना माल विकू नका, असे माझे म्हणणे नाही. जुन्याचा दर जुना लावा. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयानेही अनुदानाच्या अर्जाला आलेल्या शेतकऱ्याला ही खूण कशी वाचायची ते सांगावे, पाच मिनिटांचे काम आहे.

जे टायर आहेत ते टिकवायचे तर हंगाम संपल्यावर अ‍ॅक्सलखाली चिरे रचून चाके जमिनीपासून उचलावीत आणि वर झावळ्या टाकाव्यात. डिझेल-ऑइल रबराला लागू देऊ नये. मागचे दोन्ही टायर एकदम बदलावेत. एक नवा, एक जुना घातला की व्यास जुळत नाही आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) राबत राहते.

आणि खात्याला जाग येईपर्यंत, विकत घेताना टायर उलटा करून दाखवायला सांगा. पुष्कळदा तारखेची खूण एकाच बाजूला असते, आणि दुकानात ती बाजू भिंतीकडे असते.

आपला,
एक ट्रॅक्टरमालक, सत्तरी