तक्रार: ‘लिटल नेमो’ खंड पहिला, दहावा फर्मा गायब

व्यवस्थापक, ग्राहक विभाग,

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या माणसाने फोन ठेवला. हा चौथा फोन. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र. सभासद क्रमांक आणि पावती सोबत जोडली आहे.

तुम्ही सभासदांना पाठवता त्या कॉमिक्सच्या या बुधवारच्या खोक्यात पाच गोष्टी होत्या: दोन चालू अंक, १९६२ सालच्या एका अंकाची हुबेहूब प्रत, ‘क्रेझी कॅट’ या जुन्या अमेरिकी चित्रमालिकेचं निवडक संकलन आणि ज्यासाठी मी वर्षाचे पैसे आगाऊ भरले तो ‘लिटल नेमो’ या तशाच जुन्या मालिकेचा पहिला खंड. शेवटची दोन पुस्तकं तुम्ही स्वतः छापली आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल प्रकाशकाकडे बोट दाखवता येणार नाही.

‘लिटल नेमो’चा खंड १९२ पृष्ठांचा, म्हणजे सोळा पानी बारा फर्मे (फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद दुमडून झालेला पानांचा गठ्ठा). पृष्ठ १४४ पर्यंत सगळं ठीक आहे. त्यापुढचं पान उलटलं की पुन्हा पृष्ठ १२९ येतं. १२९ ते १४४ दुसऱ्यांदा, आणि मग थेट १६१. म्हणजे नववा फर्मा दोनदा लागला आणि दहावा लागलाच नाही. पहिल्यांदा पुस्तक पूर्ण उघडलं तेव्हाच पाठीचा पुठ्ठा वरच्या टोकाला सुटला, त्यामुळे फर्म्यांच्या पाठीवरच्या काळ्या खुणाही दिसल्या. जुळणी बरोबर असेल तर त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. इथे दोन पायऱ्या एकाच उंचीवर आहेत आणि पुढची पायरी गाळलेली आहे. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात बायंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आले की मी फर्मे लावायला बसायचे आणि शिलाईला जाण्याआधी वडील प्रत्येक गठ्ठ्याच्या पाठीवरून नजर फिरवायचे. एका गठ्ठ्याला दोन सेकंद लागतात. तुमच्याकडे ते दोन सेकंद कुणी दिले नाहीत.

दहाव्या फर्म्यात काय होतं हे तुम्हाला माहीत असणार, अनुक्रमणिका तुमचीच आहे. २६ एप्रिल ते ९ ऑगस्ट १९०८ चे सोळा रविवार. त्यात पृष्ठ १५८ वर २६ जुलैचं पान, पलंग चालतो ते. विन्सर मॅकेने ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये १५ ऑक्टोबर १९०५ पासून दर रविवारी एक अख्खं पान काढलं, आणि त्या शेकडो पानांतलं एकच निवडायला सांगितलं तर मी हेच निवडीन. नेमो या मुलाच्या स्वप्नात त्याच्या पलंगाचे पाय लांब लांब होत जातात आणि पलंग घराबाहेर पडून शहरावरून चालू लागतो. पाय वाढतात तशा चित्रांच्या चौकटीही उंच होत जातात. गोष्टीतली उंची कागदावरची उंची होते. मग तो इमारतींच्या माथ्यावर अडखळतो, आणि शेवटच्या छोट्या चौकटीत मुलगा जमिनीवर पडून जागा झालेला असतो.

मी चित्रकला शिकवते. चौकट म्हणजे नुसती कडेची रेघ नव्हे, चौकटसुद्धा बोलते, हे सातवीच्या मुलांना सांगायला माझ्याकडे या पानाइतकं चांगलं दुसरं काही नाही. आजवर धुरकट झेरॉक्सवर भागवलं. या वर्षी खरं छापलेलं पान वर्गात फिरवायचं, मुलांनी त्यावर नाक टेकवून बघायचं, असं ठरवलं होतं. तासही ठरला होता. मी पुस्तक घेऊन वर्गात गेले, पृष्ठ १५८ काढायला लागले आणि बेफडल हॉल, म्हणजे नेमोच्या स्वप्नातला तो भुलवणारा महाल, दुसऱ्यांदा आला. आरशांमुळे नेमो आणि त्याचे सोबती ताणलेले, चेपलेले दिसतात ती पानं सुंदर आहेत, पण मला ती दोनदा नको होती. बत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्याकडे बोलणं रेकॉर्ड होतं असं सुरुवातीलाच ऐकवतात. ते काढून ऐका.

मी सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये पुस्तक १९२ पानांचं आहे. तुमच्याकडे किती पानं आली?” मी म्हटलं, १९२च आली, पण त्यातली सोळा दोनदा आली आहेत. “म्हणजे पानं कमी नाहीत?” मी म्हटलं, सोळा कमी आहेत आणि सोळा जास्त आहेत. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “टोटल बरोबर आहे ना मॅडम, मग ‘अपूर्ण पुस्तक’ या प्रकारात तक्रार घेता येत नाही. ‘खराब पान’मध्ये घेतो. खराब पानाचा फोटो पाठवा.” मी म्हटलं, पान खराब नाही, पान नाहीच. “हो, पण फोटोशिवाय पुढे जात नाही. नसलेल्या पानाचा फोटो पाठवा.”

मी पृष्ठ १४४ आणि त्याला लागून आलेलं १२९ असा फोटो फोनवर असतानाच पाठवला. तो म्हणाला, यात दोन्ही पानं चांगली दिसतात. मग मी दुसऱ्या १४४ पुढे आलेल्या १६१ चा पाठवला. “हेही चांगलं आहे.” मी विचारलं, तुमच्यासमोर हे पुस्तक आहे का? कुणाला गोदामातून एक प्रत आणून उघडायला सांगता का? त्यावर तो म्हणाला, “मॅडम, लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आहे. चार पानं इकडे तिकडे झाली तर नातवंडांना कळणार पण नाही. आणि ते पान हवंच असेल तर नेटवर फ्री मिळतं.”

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन ठेवला गेला. तीन वाजून बारा मिनिटांनी संदेश आला, की माझी तक्रार निकाली निघाली आहे आणि मी सेवेला पाचपैकी किती तारे देईन.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे कागदावर लिहून दिलंय ते तो वाचतो. राग आहे तो कागद लिहिणाऱ्यावर. ते पान नेटवर फुकट मिळतं हे मलाही ठाऊक आहे. मॅकेला जाऊन नव्वद वर्षं उलटली, त्याची ही पानं आता कुणीही छापू शकतं. तुम्ही ₹४,८०० घेता ते चांगला कागद, चांगली छपाई आणि पुरी पानं यासाठी. जे फुकट मिळतं ते फुकट घ्या असं तुमचाच माणूस तुमच्याच ग्राहकाला सांगणार असेल, तर तुमचा छापखाना कशासाठी आहे?

आणि हे लहान मुलांचं पुस्तक असेल तर ते जास्तच नीट हवं. मी लहान असताना कॉमिक्स मागायला गेलं की लायब्ररीवाले काका इंद्रजालचे मराठी अंक काढून द्यायचे. एका वेताळाच्या अंकाची शेवटची दोन पानं कुणीतरी फाडून नेली होती. पुढे काय झालं याचा विचार मी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी केला. तो अंक मला पुन्हा पुरा कधीच मिळाला नाही, आणि तो शेवट मला अजून माहीत नाही. मुलांना कळत नाही असं मला कुणी सांगू नये. मुलांनाच सगळ्यात आधी कळतं. माझ्या वर्गात “बाई, हे तर मघाशी झालं” असं पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, मी नाही.

नेमोबद्दल आणखी एक. जाहिरातीत ‘मूळ आकाराचा अनुभव’ असं ठळक अक्षरांत आहे. वर्तमानपत्रातलं ते पान साधारण सोळा इंच रुंद आणि एकवीस इंच उंच होतं. तुमचं पुस्तक नऊ बाय बारा आहे, मी पट्टी लावून मोजलं. एवढं मोठं पुस्तक परवडत नसेल तर मी समजू शकते, शेल्फात मावणारही नाही. पण मग तसं लिहू नका. मॅकेची फुग्यांतली अक्षरं मुळातच दाटीवाटीची आहेत, या आकारात ती भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. शिवाय कागदाचा पिवळेपणा घालवण्याच्या नादात तुम्ही फिकट रंगही धुऊन टाकले आहेत. रात्रीच्या आभाळाचा तो मऊ जांभळा पहिल्या चाळीस पानांत आहे आणि पुढे एकदम निळा होतो. स्कॅन करणारा माणूस मध्येच बदलला का?

‘क्रेझी कॅट’बद्दल तर मला मनापासून वाईट वाटलं. निवड चांगली आहे, हे मी मान्य करते. १९१६ ते १९१९ ची इतकी पानं एकत्र मी प्रथमच हातात घेतली. पण ही पानं जॉर्ज हेरिमनने काळ्या शाईत काढली होती आणि ती तशीच छापली गेली होती. त्याची रविवारची पानं नियमितपणे रंगीत झाली ती १९३५ पासून. तुम्ही १९१६ च्या पानांत संगणकावर रंग भरलात. हेरिमनचं वाळवंट एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत बदलतं: मांजर आणि उंदीर जागचे हलत नाहीत, पण मागचं झाड डोंगर होतं, दिवस असतो तिथे रात्र होते. हे सगळं त्याने टाकाच्या खरबरीत रेघांनी केलंय. तुम्ही प्रत्येक चौकटीत तोच निळा आणि तोच नारिंगी ओतलात, रेघा खाली बुडाल्या आणि कोकोनिनो काउंटी, म्हणजे त्याचं ते वाळवंट, बदलायचंच थांबलं. इग्नाट्झ उंदराने फेकलेल्या विटेला तुम्ही चमकसुद्धा दिली आहे. कुणी मागितली होती?

त्याच खोक्यात ‘अमेझिंग फँटसी’ १५ ची हुबेहूब प्रत होती, ऑगस्ट १९६२ चा अंक, स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो. ती तुम्ही छापलेली नाही, फक्त विकली. तिच्यावर १२ सेंटची किंमत तशीच आहे आणि आतल्या त्या काळच्या जाहिरातीही तशाच आहेत. जाहिरातसुद्धा काढून टाकायची नाही, कारण तीही त्या अंकाचा भाग आहे, एवढी अदब त्या छापणाऱ्यांनी दाखवली. जुनं पुन्हा छापायचं म्हणजे काय, याचा नमुना तुमच्याच गोदामात पडून आहे. तो एकदा उघडून पाहा.

चालू अंकांपैकी विज्ञानकथेच्या पहिल्या अंकात बावीस पानं दोन माणसं एका खोलीत बोलत बसतात, तरी पान उलटावंसं वाटतं. चित्रकाराची कमाल आहे, पुढचा अंक मला हवा होता. दुसरा मला आवडला नाही, त्यात तुमचा दोष नाही. दोन्ही अंक पिनांपाशी दुमडून आले, मागे पुठ्ठा घातलेला नव्हता, हा मात्र तुमचाच दोष आहे.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. कूपन नको. पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट नको, ती पहिल्या दोन फोनवर देऊन झाली आहे. मला दहावा फर्मा असलेला ‘लिटल नेमो’ हवा आहे. पाठवण्याआधी कुणीतरी पृष्ठ १४४ पुढे १४५ आहे का हे बोटाने पान उलटून बघावं. नवव्या फर्म्याचा गठ्ठा दहाव्याच्या जागी ठेवला गेला असेल तर चूक माझ्या एका प्रतीत नसणार, त्या दिवशी बांधलेल्या कित्येक प्रतींत असेल. त्या सगळ्या सभासदांना तुम्ही स्वतःहून कळवा. त्यातल्या काहींनी पुस्तक अजून वेष्टनातून काढलंही नसेल. आणि जाहिरातीतून ‘मूळ आकार’ हे शब्द काढा.

पंधरा दिवसांत पुरं पुस्तक आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही मांडीन. पुराव्यात १२९ ते १४४ ही पानं दोनदा आहेत. नसलेल्या पानाचा फोटो तिथे कुणी मागणार नाही.

तीन वर्षं मी तुमची सभासद आहे. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना मीच सभासद केलं. आपल्याकडे ही जुनी पानं कुणीतरी छापतंय, याचा मला इतका आनंद झाला होता की पहिला खोका आला तेव्हा मी तो वर्गात नेऊन मुलांसमोर उघडला होता. पुढच्या वर्षाचं नूतनीकरण मी आज थांबवलं आहे. दुसऱ्या खंडाचे आगाऊ पैसे तुमच्याकडे आहेत, तो खंड छापखान्यात असेल तर निदान त्याचे फर्मे आत्ता मोजा.

सदोष प्रत मी वेष्टनात बांधून ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तो शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर पाठवा. नवी प्रत हातात येऊन मी पृष्ठ १५८ बघितल्याशिवाय जुनी देणार नाही.

सभासद, कोल्हापूर
(सोबत: पावती, पृष्ठ १४४, १२९ व १६१ चे फोटो, मोजपट्टीसह मुखपृष्ठाचा फोटो)