किल्ला तयार करून ठेवू नका

बंगळुरू,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई म्हणाली, अनारशाचे तांदूळ भिजत घालते, तेवढ्यात बाबांनी मागून आवाज टाकला, "विटा आणून ठेवल्यात गं!" तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहून कळवायचं. फोनवर तुम्ही दोघं "बरं बरं" म्हणता आणि करायचं तेच करता. पत्र निदान दोनदा वाचाल.

तर सांगायचं एवढंच की आम्ही पोचेपर्यंत काहीही तयार करून ठेवू नका. किल्ला नाही, कंदील नाही, आणि आई, शंकरपाळ्यांचा डबा तर अजिबात नाही. सामान आणून ठेवा, हात लावू नका. मुलं येतायत ती फराळ खायला नाही, करायला येतायत. तुमचे गुडघे आणि बाबांचा हात यांची काळजी आहेच, ती लपवत नाही. पण त्या काळजीपोटी म्हणतेय असं समजू नका. सुट्टीत जे पाहिलं त्यावरून म्हणतेय.

इकडे दसऱ्याची सुट्टी लांबलचक असते, तुम्हाला ठाऊकच आहे. सुट्टी मुलांना, आम्हाला नाही. ह्यांची रात्रपाळी होती आणि माझं काम घरून, म्हणजे दिवसभर मुलं माझ्या खुर्चीच्या पाठीला लटकलेली. वाढदिवसाला कुणीतरी धाकटीला क्राफ्टचा एक तयार डबा दिला होता, तो काढला. तुकड्यांवर नंबर छापलेले, चिकटवायच्या जागी ठिपके, सोबत गोंदाची इवलीशी बाटली. काही मिनिटांत घुबड तयार झालं. छान होतं. धाकटीनं ते खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "आता काय करू?" थोरल्यानं तर हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, यात करण्यासारखं काय आहे, सगळं त्यांनीच करून पाठवलंय. अकरा वर्षांचा आहे, पण कधीकधी बाबांसारखं बोलतो.

त्याच संध्याकाळी मी भाजणी भिजवायला घेतली. तुझीच, मे महिन्यात दिलेली. कांदा, कोथिंबीर, तीळ घालून गोळा मळला आणि धाकटीपुढे तवा ठेवला. तवा थंडच, गॅस नंतर पेटवायचा, म्हणजे भाजायची भीती नाही. तवाभर तेल फिरवलं आणि सांगितलं, हात पाण्यात बुडव आणि थाप. तिचं थालीपीठ मधे पोळपाटाएवढं जाड आणि कडेला झिरझिरीत, एका बाजूला तर तव्याच्या बाहेर लोंबायला लागलं. मग भोकं पाडायची पाळी आली. बोट खुपसायची तिला इतकी मजा वाटली की पहिल्या थालीपीठात पिठापेक्षा भोकंच जास्त होती. तिला म्हटलं, अगं, भोकात तेल सोडायचं असतं, म्हणजे मधलं कच्चं राहत नाही. हे कळल्यावर तिनं दुसऱ्या थालीपीठाला मधे एक आणि चार बाजूंना चार अशी पाचच भोकं पाडली आणि प्रत्येकात स्वतः चमच्यानं तेल सोडलं. कारण कळलं की मूल नीट काम करतं. उगाच "असं नको करू" म्हणून काही होत नाही. त्या रात्री तिनं जेवताना "अजून एक" म्हटलं. बंगळुरूत आल्यापासून ही मुलगी भाजणीकडे बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं खाणं त्यांच्याकडे सोपवलं. थोरला दडपे पोहे एकटा करतो, आई, तू बघशीलच. पातळ पोहे, बारीक कांदा, ओलं खोबरं, मीठ, साखर, लिंबू, वर नारळाचं पाणी शिंपडायचं, ताट झाकायचं आणि ताटावर वजन. वजन म्हणून त्यानं गणिताचं गाइड ठेवलं, म्हणे आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. फोडणी मात्र मी घालते. कढत तेल आणि विळी, या दोन गोष्टींना मनाई आहे. काकडी-केळं बोथट सुरीनं कापू देते. तुझी विळी ते यायच्या आधी फडताळावर चढवून ठेव, हे काम मात्र आधीच करायचं!

धाकटीचं खातं गोडाचं. शिळ्या पोळ्या हातानं चुरायच्या, गूळ किसायचा, तूप घालून लाडू वळायचे. लाडू वळता वळता अर्धा गूळ पोटात जातो ते सोडून दे. शिकरण तर काय, केळ्याच्या चकत्या, दूध, साखर, वेलदोडा. कुणाला शिकवावं लागत नाही. आणि भडंग तिकडेच करू, सांगलीचे चुरमुरे इथं मिळत नाहीत. मिळतात ते असतात चुरमुरेच, पण लसणाच्या फोडणीत टाकले की बसतात.

आता शंकरपाळे. तुझं प्रमाण मी मुलांना पाठ करून घेतलंय. वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप, आणि मावेल तेवढा मैदा. "मावेल तेवढा म्हणजे किती?" हे थोरल्यानं विचारलंच. तेव्हा त्याला पिठात हात घालायला लावला. बोटांना चिकटायचं थांबलं की पुरे. लाटायचं काम मी करीन, कातणं मुलांच्या हाती देऊ. इथं कातणं नव्हतं म्हणून सुरीनं कापले, तर धाकटी म्हणाली, आजीच्या शंकरपाळ्यांना झालर असते. तर ते पितळी कातणं शोधून ठेव. तिरके काप येतील, एखादा त्रिकोण, एखादा भलताच लांबडा. लहान-मोठे एकत्र तळले की लहान जळतात, म्हणून निवडून दोन ढीग करायचं कामही त्यांचंच. तू उंच स्टुलावर बसून नुसतं सांग. खाली पाटावर बसायचं नाही. तळणीपाशी मी आहे. चकलीला सोऱ्या दाबायला थोरला, त्याच्या हातात आता बळ आलंय.

बाबा, आता तुमचं खातं. किल्ला.

यंदा रायगड नाही, प्रतापगडही नाही. थोरल्याला जिंजी करायचाय. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले ना, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा, म्हणजे जिंजी, तामिळनाडूत. "म्हणजे आपल्या बाजूचा!" असं म्हणून तो खूश. तेव्हापासून डोक्यात जिंजीच आहे. राजाराम महाराज 1689 मध्ये तिथं पोचले, मोगलांच्या झुल्फिकारखानाचा वेढा जवळजवळ आठ वर्षं पडून होता, आणि किल्ला पडायच्या आधी महाराज निसटले, हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. तुम्ही नुसता विषय काढा, तो थांबणार नाही.

जिंजी करायला अवघड आहे, म्हणूनच त्याला हवाय. एक डोंगर नाही, तीन. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग. तिन्ही टेकड्या तटानं एकमेकींना जोडलेल्या. राजगिरीवर चढताना शेवटी एक खोल घळ लागते, तिच्यावर लाकडी पूल. पूल काढून घेतला की वरचा भाग तुटलेला. हा पूल त्यानं इथंच आइस्क्रीमच्या काड्यांचा करून पाहिला. पहिल्यांदा काड्या नुसत्या शेजारीशेजारी चिकटवल्या, त्या मधोमध वाकल्या. मग मला काडेपेटीचा खेळ आठवला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या बारीक तुकड्यांत काड्या खोचायच्या, तो. अरविंद गुप्तांचा. आयआयटी कानपूरचा इंजिनियर माणूस, पण काडेपेट्या, नळ्या, जुन्या वर्तमानपत्रांतून मुलांना विज्ञान दाखवत राहिला, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तर कितीतरी वर्षं. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतंत. काड्यांचा गुल आधी खरवडून टाकला, मग चार काड्यांचा चौकोन केला. बोटानं ढकलला की आडवा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही ढकला, हलत नाही. थोरला बराच वेळ दोन्ही आळीपाळीनं दाबत बसला, आणि मग उठून पुलाला खालून तिरक्या काड्या लावल्या. आता त्यावर मातीचा मावळाच काय, वाटी ठेवली तरी तोलतो. पूल पिशवीत बांधून आणतोय. घळ तुम्ही दोघं करा.

मातीचं तुम्हाला मी काय सांगणार! कृष्णाकाठची काळी माती वाळली की भेगा पडतात, ते दर वर्षीचं. म्हणून तांबडी माती निम्मी घालायची आणि विटांच्या रचनेवर गोणपाट चिखलात बुडवून पांघरायचं, हे थोरल्याला माहीत आहे, फक्त त्याला स्वतः करू द्या. बुरूज वाकडा झाला तर वाकडा राहू दे. तुम्ही मागच्या खेपेला तो झोपल्यावर टॉर्च घेऊन तट सरळ केलात, ते त्याला सकाळी कळलं होतं. बोलला नाही, आजोबांना काय बोलणार. पण मला सांगितलं.

अळीव मात्र आल्या आल्या पेरू. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, म्हणजे पाडव्यापर्यंत टेकड्या हिरव्या होतील. भिजलं की बुळबुळीत होऊन उतारालाही चिकटून राहतं, मोहरीसारखं घरंगळत नाही. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर जिंजीचं तळं होईल. इथं शेजारच्या आजींनी दसऱ्याच्या गोंब्यांपुढे, म्हणजे मांडलेल्या बाहुल्यांपुढे, नाचणी पेरून छोटं शेत उगवलं होतं, मागे पायऱ्यांवर चन्नपट्टणच्या लाकडी बाहुल्या. धाकटी म्हणाली, आमचे आजोबा किल्ल्यावर असंच लावतात. मग त्या आजींना किल्ला म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं. त्यांना वाटतं आपण दिवाळीत घरात लढाई करतो.

कंदील धाकटीचा. बांबूच्या कामट्यांचा नको, कामट्या तासायला धारदार सुरी लागते आणि बाबा, तुमचा हात आता थरथरतो. राग मानू नका. कार्डपेपरचा करू. कागद आडवा मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूनं बोटबोट अंतरावर चिरा द्यायच्या, वरची दोन बोटं जागा सोडून. उघडून गोल जोडला की मधे फुगतो. आत सोनेरी कागदाची नळी, खाली पतंगी कागदाच्या झिरमिळ्या. तुम्ही पट्टीनं रेघा आखायला सांगा, कात्री ती चालवेल. सरळ कापते बरं का, जीभ बाहेर काढून. आत एलईडीचाच दिवा लावा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो.

चिकटवायला खळच करू. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात आधी कालवायचा, गुठळी राहिली नाही की मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसली की उतरवायची. बाबा, त्यात मोरचूद नको. कीड लागत नाही हे खरं, पण ते विष आहे आणि धाकटीची बोटं अजून तोंडात जातात. तीन-चार दिवस फ्रिजमध्ये टिकते, तेवढी पुरे.

मारुती रोडला जाणं झालंच तर कार्डपेपर लाल आणि पिवळा, पतंगी कागद कुठल्याही रंगाचा, आणि अळीव आणा. गर्दीत दोघांनी जाऊ नका, रिक्षानं जा आणि दुकानातूनच परत फिरा. मावळे आणू नका, ते मुलांना निवडायचेत. घोड्यावरचा एक आणि तोफवाले दोन, असं इथंच ठरलंय आणि त्यावरून भांडणही झालंय.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं झाली आहेत, वसुबारसेला सकाळी पोचतो. ह्यांना लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापर्यंत सुट्टी नाही, ते मागून येतील. स्टेशनवर कुणी येऊ नका, आम्ही रिक्षा करू. सकाळी पोहे वगैरे करत बसू नको आई, थोरला दडपे पोहे करणार आहे. नारळ तेवढा फोडून ठेव.

बाबांची रक्तदाबाची गोळी संपत आली असेल, बघा. दोघांना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. आई, सोऱ्याची चांदणीची चकती गेल्या वर्षी माझ्याच डब्यातून इकडे आली होती. शोधत बसू नको, घेऊन येतेय.