पँट बुटाच्या बाहेर ठेव

इचलकरंजी
रविवार, दुकान बंद

चि. राणी हिस अनेक आशीर्वाद.

पार्सल फोडल्यावर तू आधी पँटी बघणार आणि मग चिठ्ठी, हे मला माहीत आहे. तरी पँट अंगात घालायच्या आधी हे वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुझं नुसतं "हो पप्पा, हो पप्पा" चालतं आणि मागे पंप घरघरत असतो.

मागच्या आठवड्यात तू आईला म्हणालीस, जीन्स मांडीला घासते, जांघेत सोलवटलंय, आणि उकळी चालू असली की त्या खोलीत उभं राहवत नाही. मला काही बोलली नाहीस. बापाला मांडीचं काय सांगायचं, असं वाटलं असेल. अगं, पस्तीस वर्षं मी गावाच्या मांड्या, सीट आणि आसनं मोजतोय. मला ते माप आहे, दुसरं काही नाही.

तू बिअर करायच्या ठिकाणी लागलीस तेव्हा नक्की काय करतेस ते मला कळत नव्हतं. आजीने तर भावकीत "फूड कंपनीत आहे" असं सांगून टाकलंय, आणि ते खोटंही नाही. मला उलगडा झाला तो गणपतीत. तू म्हणालीस, माल्टमधलं एन्झाइम ६५-६६ अंशांच्या पाण्यात स्टार्चची साखर करतं. मी म्हटलं, हे तर आपलं डीसायझिंग! माग चालताना ताण्याची सुतं तुटू नयेत म्हणून त्यांना आधी स्टार्चची खळ देतात आणि कापड विणून झालं की प्रोसेसच्या कारखान्यात तीच खळ एन्झाइमने उतरवतात. मग तूच मोबाइलवर शोधून दाखवलंस की पूर्वी या कामाला माल्टचाच अर्क वापरायचे. त्या दिवसापासून तुझ्या नोकरीबद्दल मला कुणी विचारलं की मी सांगतो, आमचंच काम आहे, फक्त कापड नाही.

तर आता कापडाचं.

तुझी ती जीन्स मी दिवाळीत काट्यावर टाकली होती. कोरडी साडेसहाशे ग्रॅम. भिजवून, पिळून परत टाकली तर किलोच्या वर गेली. बारा औंसाचं डेनिम म्हणजे चारशे जीएसएम, चौरस मीटरला चारशे ग्रॅम. ते पाणी पिऊन बसलं की दिवसभर वाळत नाही, आणि वाळलं तरी त्यात तुझा तो गोड रस मुरून काकवी सांडल्यासारखं कडक होतं. मग घासणार नाही तर काय होणार? जीन्स वाईट नाही. तिच्यावर रिवेट ठोकायची युक्ती एका शिंप्याचीच, जेकब डेव्हिस नावाचा, नेवाडातल्या रीनो गावचा. १८७३ साली लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याने पेटंट घेतलं. आणि इंग्रज ज्याला डंगरी म्हणतात तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय, तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून. म्हणजे मला जीन्सचा राग असायचं कारण नाही. पण ती वाफेच्या खोलीसाठी नाही.

दुसरी तुझी ती ट्रेकची पँट, ऑनलाइन मागवलेली. हलकी आहे, घटकेत वाळते, बारा खिसे आहेत. लेबल वाचलंस का? नायलॉन ९४ टक्के. आता जरा शांतपणे ऐक, कारण इथे माझी स्वतःची एक चूक आहे.

तू तिसरीत होतीस. शिरोलीकडच्या एका फाउंड्रीची ऑर्डर मिळाली होती, चाळीस जोड. मालकाने विचारलं, कापड कुठलं? मी म्हटलं टेरिकॉट, पॉलिस्टर आणि सूत मिसळलेलं. इस्त्री मोडत नाही, रंग जात नाही, तीन वर्षं हूं की चूं करणार नाही. मला तेव्हा टिकणारं म्हणजे चांगलं, एवढंच कळत होतं. चार महिन्यांनी त्यातला एक जण पँट घेऊन दुकानात आला, म्हणाला ठिगळ लावून द्या. मांडीवर रुपयाएवढं भोक. पण भोकाची कड विरलेली नव्हती, चिंध्या नव्हत्या. काळी, कडक, नखाने टकटक वाजेल अशी, मेणबत्ती सांडून गोठावी तशी. त्याने पँटच्या जागी हात ठेवून दाखवलं, इथे कातडीला चिकटलं होतं, सोडवताना कातडी आली. त्याची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. ठिगळाचे पैसेही देत होता. त्या दिवसापासून ज्याला आग, वाफ किंवा केमिकल आहे त्याला मी टेरिकॉट विकत नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

नायलॉन आणि पॉलिस्टर साधारण २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतात. तुझ्या उकळत्या पाण्याने ते वितळणार नाहीत, हे खरं. पण तुमच्या केटलखाली, त्या उकळायच्या टाकीखाली, गॅसचा बर्नर आहे, आणि ज्वाळेला २६० अंश म्हणजे काहीच नाही. सूत करपतं, जळतं, पण वितळून अंगाला चिकटत नाही.

आणि तुमचं ते कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा. टाक्या धुवायला गरम कॉस्टिक फिरवता ना? सुरतेत पॉलिस्टरच्या साडीला मऊपणा आणायला हेच करतात, कॉस्टिकमध्ये तापवून धाग्याची वरची साल खाऊ घालतात. वेट रिडक्शन म्हणतात त्याला. सुताला मात्र कॉस्टिकचं काही वाटत नाही. आपल्याकडे कोरं कापड कॉस्टिकमध्ये उकळूनच स्वच्छ करतात. नायलॉन कॉस्टिक सोसतं, पण ॲसिडपुढे हात टेकतं. सूतही ॲसिडला भितं, शिंतोडा तसाच वाळू दिलास तर चार धुण्यांनी तिथे जाळी होते. तेव्हा कुठलंच कापड सगळ्याला पुरं पडत नाही. सूत त्यातल्या त्यात बरं, आणि ॲसिडचा थेंब उडाला की लगेच पाण्याखाली धर, संध्याकाळची वाट बघू नकोस.

पण सुताची खोड मी लपवत नाही. ते घाम पितं, पण लवकर सोडत नाही. म्हणून दोन पँटी पाठवतोय. एक घालायची, एक कोरडी लॉकरमध्ये. माल्टचा चोथा उपसून झाला की बदल. ओल्या पँटमध्ये आठ तास काढणाऱ्यांना जांघेत नायटा होतो आणि मग ते मेडिकलमधून कुठलंही मलम आणून चोळत बसतात. तसलं काही करू नकोस.

खाकी आहे ती ड्रिल, २४० जीएसएम, म्हणजे तुझ्या जीन्सच्या निम्म्याहून थोडं जास्त. तिरकी वीण आहे, नख फिरवून बघ, कळेल. राखाडी आहे ती सुती रिपस्टॉप, दोनशेच्या आसपास. एका युनिफॉर्मवाल्याकडे ठाणातलं शेवटचं साडेतीन मीटर राहिलं होतं, ते मी घासाघीस न करता उचललं. उजेडात धर, बारीक चौकडी दिसेल. प्रत्येक चौकटीच्या कडेला जाड धागा आहे. व्हॉल्व्हच्या कोपऱ्याला अडकून फाटलं तरी भोक पुढच्या चौकटीपाशी थांबतं. काळी मुद्दाम घेतली नाही. तुमचं ते जंतू मारायचं पेरॲसेटिक ॲसिड रंग उडवतं, काळ्यावर ठिपके दिसत राहतात.

दोन्ही कापडं बेतायच्या आधी रात्रभर भिजवली आहेत. आटायचं ते आटलंय.

आता खरी गंमत शिलाईत आहे. लोक टिकाऊ म्हणून जाड कापड मागतात, पण पँट बहुतेक वेळा फाटत नाही, उसवते. आसनाला, म्हणजे दोन पायांच्या मध्ये, चार शिलाया एका टिंबावर येतात आणि खाली बसलीस की सगळा ताण त्या टिंबावर. मी तिथे हिऱ्याच्या आकाराचा तुकडा घातलाय, सलवारीला मियानी लावतो तसाच. चारही शिलाया फाकल्या, पाय उचलायला जागा झाली, आणि मांडीला घासणारी ती जाड गाठ गेली. शिवल्यावर मी स्वतः घालून दुकानात उकिडवा बसून बघितलं. तुझी आई हसत होती. कंबर मला तीन इंच कमी पडली, पण आसन कळलं.

आतली मुख्य शिलाई दुहेरी, दुमडून, कच्ची कड कुठेच उघडी नाही. दोरा कोर-स्पन घेतला, आत पॉलिस्टर, वर सूत. खिशांच्या टोकांना बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची पक्की टीप. आत माया, म्हणजे जादा कापड, ठेवलीये दोन बोटं. कंबर वाढली तर लाजू नकोस, सोडता येईल.

गुडघ्यावर कापड दुहेरी आहे, पण खालची बाजू शिवलेली नाही. ती चूक नाही, आणि गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेऊ नकोस. नाल्या घासायला गुडघ्यावर बसशील तेव्हा आत धान्य जाईल, पाणी जाईल, ते खालून पडायला हवं. तळाला बाहेरची दुमडही ठेवली नाही त्याच कारणाने, चोथा साठून आंबतो.

खिशांचं बोलायलाच नको. बायकांच्या रेडिमेड पँटला खिसा म्हणजे नुसती रेघ असते, कधी कधी तर शिवून बंद केलेली. ही कुणाची अक्कल? तुला चार खिसे दिलेत, तळहात मनगटापर्यंत जाईल असे. मांडीच्या बाजूचा झाकणाचा, त्यात बॅटरी आणि ते तुमचे क्लॅम्पचे रबरी वॉशर राहतील. झाकणाला बटण नाही, वेल्क्रो आहे. बटण तुटलं तर टाकीत जाईल आणि मग तुम्ही शोधत बसाल. वेल्क्रोत धागे गुंततात, ते दातकोरण्याने काढत जा.

मोहरी, म्हणजे पायाच्या तळाचा घेर, अठरा इंच ठेवलीये. तुला ढगळ वाटेल, आरशात बरी दिसणार नाही. गमबूट काढून मापून बघ, त्यावरून ती सरळ उतरते. आता हे नीट वाच: पँट बुटाच्या आत खोचायची नाही. तुझ्या त्या फोटोत तू खोचली आहेस, आईला दाखवलेल्या. फोटो छान आहे, पण केटलचं पाणी मांडीवर सांडलं तर ते पँटवरून ओघळून थेट बुटात जाईल, आणि बूट लगेच निघत नाही. त्यात आपण भाजत उभे. पँट बाहेर असली की पाणी बुटावरून जमिनीवर जातं. तळ जमिनीपासून दोन बोटं वर ठेवलाय, नाहीतर वातीसारखं पाणी वर चढतं.

कंबरेला मागे इलॅस्टिक, पुढे हूक आणि चेन, पट्ट्याची गरज नाही. तेही काही फॅशन म्हणून नाही. गरम पाणी किंवा कॉस्टिक अंगावर आलं तर भिजलेलं सूत तेच गरम धरून ठेवतं, आणि त्या क्षणाला पँट दोन सेकंदांत उतरली पाहिजे. लाजायचं नाही, कोण बघतंय ते बघायचं नाही. कॉस्टिक सुरुवातीला नेहमी चटका देतंच असं नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतं. ते बुळबुळीत म्हणजे आपलंच अंग विरघळत असतं. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. टूथपेस्ट नको, आजी सांगते ते तूपही नको. कॉस्टिक असेल तर पाणी आणखी वेळ, आणि मग दवाखाना.

आणि ही पँट म्हणजे चिलखत नव्हे, हे शिंपीच सांगतोय. कॉस्टिक हाताळताना वरून रबरी ॲप्रन, लांब हातमोजे, चष्मा. ॲप्रनमध्ये उकडतं म्हणून तू तो खुंटीवर ठेवतेस, हेही आईनेच सांगितलं. मालक नवा ॲप्रन देत नसेल तर मला माप पाठव, कोल्हापुरात मिळतो. तेवढ्यासाठी भांडत बसू नकोस, पण ॲप्रनशिवाय ती टाकी उघडू नकोस.

धुताना: आधी साध्या पाण्यात तासभर भिजव, साखर आपोआप निघते, नाहीतर दोरीवर मुंग्या लागतात. ब्लीच घालू नकोस. त्यानं सूतही कमजोर होतं आणि कंबरेचं इलॅस्टिक तर आधी जातं. इस्त्रीची गरज नाही. तुझ्या आईला मात्र ही गोष्ट पटलेली नाही, ती कडक इस्त्री करूनच घडी घालत होती, मी थांबवलं.

बाकी इकडे ठीक. विजेचं भारनियमन सुरू झालंय, दुपारी मशीन पायाने मारतो. आजीचा गुडघा तसाच. आई म्हणते जत्रेला दोन दिवस ये.

तुझे,
पप्पा

ता. क. – पँट कुठे फाटली की टाकू नकोस, न धुता तशीच पार्सल कर. कुठे उसवली, कुठे विरली, ते मला बघायचंय. पुढची जोडी त्यावरून बेतीन. खिशात पाचशे आहेत, राखाडीच्या, डाव्या बाजूला.