भट्टीवाल्या मामांना, सफरचंदाच्या कुकीजबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमचे नीट आभार मानता आले नाहीत. पाव घ्यायला लोक खोळंबले होते आणि तुम्ही "राहू द्या हो काकू" म्हणत आत गेलात. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझी नात यंदा पुण्यात आमच्याकडे शिकायला आहे. तिचं लहानपण मॅसॅच्युसेट्समध्ये गेलं. तिकडे या दिवसांत झाडांची पानं लाल-पिवळी होतात, लोक बागांमध्ये जाऊन आपल्या हाताने सफरचंदं तोडतात आणि घरोघर ॲपल पाय होतो. आपल्याकडे नेमकं तेव्हाच ऑक्टोबरचं ऊन. तिला आठवण यायची ती त्या वासाची, दालचिनी, लोणी आणि शिजलेल्या सफरचंदाच्या. अख्ख्या पायऐवजी त्याच चवीच्या कुकीज कराव्यात, शाळेच्या डब्यातही नेता येतील, असं आम्ही ठरवलं. घरात ओव्हन नाही. दिवाळीत नानकटाईचं पीठ आणतो तशी मी तुमच्याकडे विचारायला आले.

तुम्ही नुसतं "आणा" म्हणाला नाहीत. "सफरचंद कच्चं भरणार की शिजवून?" हा तुमचा पहिला प्रश्न. सफरचंदात शंभरात पंच्याऐंशी भाग पाणीच असतं. कच्चं भरलं तर ते भट्टीत सुटतं आणि खालची कुकी ओली राहते, हे तुम्ही गिऱ्हाइकं सांभाळता सांभाळता समजावलंत. बारीक फोडी, लोणी, दालचिनी, जायफळ, आणि साखरांब्यासारखा रस आटेपर्यंत धीर धरायचा. मग पूर्ण गार करायचं, तोवर पिठाला हात लावायचा नाही. ब्राउन शुगरच्या जागी गुळाची पावडरही तुम्हीच सुचवलीत. काकवीचा तो खमंगपणा दोन्हींत असतो, आणि मला तर गुळाचाच जास्त आवडला.

मार्केट यार्डातून किन्नौरची कडक सफरचंदं आणली. ही डेलिशस जात गोडच असते, म्हणून लिंबू पिळायला सांगितलंत, त्याने चव उठली. नातीला मी सांगितलं की हे डेलिशस मूळचं तिच्या अमेरिकेतलंच. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास त्याची रोपं हिमाचलात कोटगढला लावली. तिला फार आनंद झाला.

पीठ फ्रीजमध्ये घट्ट करून, करंजीच्या कातण्याने पट्ट्या कापून, एकाआड एक विणून आम्ही आणलं. लादी पाव निघाल्यावर भट्टी उतरेपर्यंत तुम्ही ते थंडच ठेवायला लावलंत, कारण लोणी आधीच वितळलं तर विणलेल्या पट्ट्या पसरतात. मग भट्टीच्या लादीवर मैद्याची चिमूट टाकलीत आणि तिचा रंग बघत थांबलात. लगेच काळी पडली म्हणून अजून थांबलात. घरच्या ओव्हनला १८० अंश लावतात, तुम्ही तेच मैद्याच्या रंगावरून ओळखलंत. मध्येच ट्रे फिरवलात, कारण जाळाकडची बाजू आधी लाल होते. एवढं लक्ष कोण कोणाच्या चार कुकीजसाठी देतं? पहाटेपासून उभे होतात तुम्ही.

भाजणावळ नानकटाईची घेता तेवढीच घेतलीत. नातीने पहिली कुकी तिथेच, ओट्याजवळ उभ्याने खाल्ली आणि दुसरी तुमच्या हातात दिली. "मसाला बरोबर झालाय," म्हणालात. ते वाक्य तिने रात्री फोनवर आपल्या आईला दोनदा सांगितलं.

सोबत आटवलेल्या सफरचंदाची एक बरणी पाठवते आहे. पावाला लावून खा, घरच्यांनाही द्या. दिवाळीआधी नानकटाईचं पीठ घेऊन येईन तेव्हा नातही येणार आहे. मैद्याच्या चिमटीवरून आच कशी बघायची ते तिला शिकायचंय. तुम्हाला कोणती वेळ सोयीची पडेल, तेवढं सांगा.

तुमची,
नानकटाईवाल्या काकू