गव्हर्नरांना एकच, पण पूर्ण मुदत द्यावी

महोदय,

शक्तिकांत दास यांची रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदाची मुदत १० डिसेंबर २०२४ रोजी संपली आणि त्यांच्या जागी संजय मल्होत्रा यांची नियुक्ती जाहीर झाली ती आदल्या दिवशी, ९ तारखेला. त्याच्या जेमतेम तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची बैठक संपून रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) साडेसहा टक्क्यांवर कायम ठेवण्याचा निर्णय झाला होता. दास यांना मुदतवाढ मिळणार की नाही, हे त्या दिवशीही बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. देशाच्या चलनाची आणि बँकांची जबाबदारी ज्या खुर्चीवर आहे, तिच्याबाबत शेवटच्या दिवसापर्यंत अशी अनिश्चितता राहावी, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

रिझर्व्ह बँक कायदा १९३४ चा. त्यातील आठव्या कलमानुसार गव्हर्नर आणि जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर केंद्र सरकार नेमते. मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक नसावी एवढेच बंधन आहे, किमान मुदत दिलेली नाही आणि फेरनियुक्तीला मुभा आहे. त्यामुळे अलीकडे तीन वर्षांची नेमणूक आणि पुढचे पुढे पाहू, अशी रीत पडली आहे. रघुराम राजन तीन वर्षांनी गेले, दास यांना आणखी तीन वर्षे मिळाली. कोणत्याही गव्हर्नरांनी मुदतवाढीसाठी धोरण वाकवले, असा माझा आरोप मुळीच नाही. पण ज्याची फेरनियुक्ती अर्थ मंत्रालयाच्या मर्जीवर आहे, त्याने घेतलेल्या योग्य निर्णयाकडेही लोक संशयाने पाहतात, आणि बँकेची पत त्यातूनच झिजते.

यातली विसंगती अशी की, २०१६ च्या दुरुस्तीने पतधोरण समिती स्थापन करताना संसदेने हा धोका ओळखला होता. सहा सदस्यांच्या या समितीत सरकारने नेमलेले तीन बाहेरचे तज्ज्ञ असतात; त्यांची मुदत चार वर्षांची असून त्यांना फेरनियुक्ती मिळत नाही. मग समान मते पडल्यास ज्यांचे निर्णायक मत चालते, त्या गव्हर्नरांना हा नियम का नाही?

वेळेवर नेमणूक न झाल्याचा परिणाम आपण एकदा पाहिलाही आहे. २०२० मध्ये बाहेरच्या तिन्ही सदस्यांची मुदत संपली, नवे सदस्य वेळेत नेमले गेले नाहीत आणि २९ सप्टेंबरपासून ठरलेली बैठक पुढे ढकलावी लागली. ती ७ ते ९ ऑक्टोबरला झाली. करोनाने अर्थव्यवस्था कोलमडलेली असताना, केवळ नेमणुकीच्या कागदासाठी व्याजदराचा निर्णय खोळंबला. तरीही धडा घेतला गेला नाही. डेप्युटी गव्हर्नर मायकेल पात्रा यांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली, पण त्यांच्या जागी पूनम गुप्ता यांची निवड जाहीर व्हायला एप्रिल उजाडला.

सरकार आणि बँक यांच्यात मतभेद होणारच. १९५७ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी झालेल्या वादातून गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला. २०१८ मध्ये गव्हर्नर ऊर्जित पटेल मुदतीपूर्वी पायउतार झाले. लोकांनी निवडलेल्या सरकारला शेवटी उत्तरदायित्व आहे, म्हणून नेमणुकीचा अधिकार त्याच्याकडेच असावा, हे मला मान्य आहे. सातव्या कलमाखाली गव्हर्नरांशी सल्लामसलत करून निर्देश देण्याचा अधिकारही सरकारला आहेच. एवढे हातात असताना फेरनियुक्तीची टांगती तलवार कशासाठी? युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांना आठ वर्षांची एकच मुदत मिळते, तीही फेरनियुक्तीविना.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. पुढे अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी पद सोडले. पण असा बाणेदारपणा व्यक्तीच्या स्वभावावर सोपवून चालणार नाही, त्याला कायद्याचा आधार हवा. म्हणून आठव्या कलमात दुरुस्ती करून गव्हर्नरांना पाच वर्षांची एकच मुदत द्यावी आणि उत्तराधिकाऱ्याचे नाव किमान तीन महिने आधी जाहीर करणे सरकारवर बंधनकारक करावे. महाराष्ट्रातील खासदारांनी, त्यातही मुंबईच्या खासदारांनी, हा विषय संसदेत लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे